तिच्या हातचा पाव

बाबांच्या तोंडाशी चमचा नेलेला असतानाच बाहेरच्या फाटकाची कडी वाजली, आणि थोरलीनं तो चमचा तसाच परत वाटीत ठेवला.

"आला," ती म्हणाली. बाबांच्या गळ्याखालचा रुमाल सोडून तिनं त्यांची हनुवटी टिपली, दुधात कुस्करलेल्या पावाची अर्धी वाटी उचलली आणि ती उठली. दर रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की धाकटा अंथरुणावरच्या बापासाठी प्रभुभोजनाचा पाव घेऊन यायचा, आणि थोरली खोलीबाहेर पडेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. त्यात उद्धटपणा नसायचा. अगदी नम्रपणे, नजर खाली घालून तो बाजूला उभा राहायचा, जणू एखाद्या परक्या बाईला वाट करून देत असावा!

"ताई, झालं का तुझं?"

"झालं."

बहीणभावात आठवडाभरात होणारं बोलणं ते एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पलीकडून धाकट्याचा भरदार आवाज येत होता. बाबांचाच आवाज, बाबांचीच वाक्यं, थांबायच्या जागासुद्धा बाबांच्याच... मग चांदीच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या डबीतला पाव काल सकाळी तिनंच मळला होता, तिनंच भाजला होता. मंडळीतलं लहानथोर प्रत्येक माणूस तिच्या हातचा तो पाव खात होतं. फक्त तिनं तो खायचा नव्हता!

आणि हे सारं एका दोऱ्यासाठी.

बाबा तेव्हा इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. गाव दुसऱ्यांचं, बाजार दुसऱ्यांचा, शेजार दुसऱ्यांचा. त्यात यांची मूठभर घरं. ती मूठ सैल झाली की संपलं, असं बाबा म्हणायचे. नाव जगात असावी, पण नावेत जग शिरलं की ती बुडालीच, हा त्यांचा आवडता दृष्टांत. गावातल्या लोकांशी ते गोड बोलत, अडीअडचणीला धावून जात, पण कुणाच्या घरचं पाणीही घेत नसत. थोरली समोरच्या बेकरीत कामाला जायची ते त्यांनी चालवून घेतलं होतं, कारण घरात तिच्या कमाईची गरज होती आणि भट्टीला धर्म नसतो असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

धाकटा सात वर्षांचा असताना तापानं फणफणला. डॉक्टरांनी हात टेकले. मंडळी रोज संध्याकाळी घरी जमून प्रार्थना करायची. आणि एका सकाळी पोराचा घामानं भिजलेला सदरा बदलताना बाबांना त्याच्या दंडावर गाठ मारलेला लाल दोरा दिसला. बेकरीवाल्यांच्या देवस्थानात मिळतो तसला!

खोलीत तिघंच होती. बाबा, थोरली, आणि दारात गरम पाण्याचं भांडं धरून उभी असलेली आई.

"हा कुणी बांधला?"

आईच्या भांड्यातलं गरम पाणी तिच्या पावलांवर सांडलं. पण ती तोंडातून हूं की चूं करेना. बारीक चणीची, सदा आजारी, सदा गार हातांची आई... पाळकाची बायको! बेकरीच्या मागच्या दाराशी पदर पसरून ती कशी रडली असेल, बेकरीवालीनं तिला जवळ घेऊन आपल्या नातवासाठी आणलेला दोरा कसा तिच्या मुठीत कोंबला असेल, हे थोरलीला एका क्षणात दिसलं. आणि मंडळीसमोर आईचं नाव पुकारलं जातंय, हेही दिसलं. आई त्यातून जगली नसती.

"मी बांधला," थोरली म्हणाली.

बाबांनी दोऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कात्री आण."

ताप दोन दिवसांनी उतरला. तोवर रविवार आला होता आणि मंडळीतून वगळलेली म्हणून थोरलीचं नाव व्यासपीठावरून वाचून झालं होतं. अशा माणसाबरोबर जेवूसुद्धा नये, असं प्रेषितानं लिहिलंय, बाबा म्हणाले. जेवणाच्या मेजाच्या सहा खुर्च्यांतली एक त्याच दुपारी स्वयंपाकघरात गेली. तिथं भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांचं आटोपल्यावर, थोरली जेवायला लागली.

पुढच्याच आठवड्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपुढे मोठा पेच उभा राहिला. प्रभुभोजनाचा पाव आजवर थोरली भाजत आली होती. दुसऱ्या दोघी-तिघींनी करून पाहिला. एकीचा दगड झाला, एकीचा मधे कच्चा राहिला, आणि एकीचा तर द्राक्षारसाच्या कपात बुडवताच विरघळला. वडीलजन दोन तास बसले. शेवटी ठरलं की शास्त्रात तिच्याबरोबर जेवायला बंदी आहे, तिनं भाजलेलं खायला बंदी कुठंच लिहिलेली नाही! तेव्हा पाव तिनंच करावा.

बेकरीवाले काका ते ऐकून पोट धरून हसले होते आणि मग एकदम गप्प झाले होते. "म्हणजे पीठ तुझं, घाम तुझा, आणि जेवायला ते? पाद्रीणबाई, तुमचा देव हुशार आहे की त्याची माणसं?"

"काका, परात सरकवा इकडे."

"सरकवतो. पण माझी बायको तुझ्या बापाला जाऊन खरं सांगणार आहे आज."

"काकूंनी सांगितलं तर मी उद्यापासून कामावर येणार नाही."

काकू गोण्यांच्या आडून म्हणाली, "नाही गं सांगत. तुझ्या आईचं तोंड आठवलं की माझीच जीभ वळत नाही."

परत येण्याचा रस्ता नव्हता असं नाही. बाबांनी तो स्वतः सांगितला होता. तिनं मंडळीपुढे उभं राहावं, तो दोरा सैतानाचं काम होतं असं म्हणावं, बेकरी सोडावी, आणि त्या बेकरीवालीशी पुन्हा बोलू नये. एवढं केलं की खुर्ची परत मेजाशी! थोरलीनं रात्रंदिवस विचार केला. आईसाठी एक खोटं ती बोलली होती. पण एका आईनं दुसऱ्या आईला रडताना पाहून जे हातात होतं ते दिलं, त्याला सैतान कसं म्हणायचं?

"बाबा," तिनं एकदा धीर करून विचारलं होतं, "त्याच प्रेषितानं दुसरीकडे लिहिलंय ना, शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं तर जा, आणि पानात काय आहे ते विचारू नका म्हणून?"

"ते मांसाबद्दल आहे."

"आणि प्रभू कुणाकुणाच्या घरी जेवला?"

बाबांनी शास्त्र मिटलं होतं. "तू प्रभू नाहीस," ते म्हणाले होते.

वर्षं गेली. मंडळीतलं कुणी तिला मागणी घालायला आलं नाही आणि मंडळीबाहेर ती गेली नाही. धाकटा शिकला, बाबांनी दाखवलेल्या वाटेनं धर्मशिक्षणाला गेला, पाळक झाला, लग्न करून चर्चच्या आवारातल्या घरात राहायला गेला. दर वर्षी एका रविवारी तो व्यासपीठावरून आपल्या आजाराची साक्ष द्यायचा. प्रार्थनेत टेकून दुखावलेल्या आईच्या गुडघ्यांनी मला वाचवलं, असं म्हणायचा, आणि पुढच्या बाकावर बसलेली आई मान खाली घालायची. सगळ्यांना ती विनम्रता वाटायची!

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात यायची, थोरलीच्या उबदार तळव्यांत आपले गार हात कोंबायची, आणि म्हणायची, "तू फार गुणाची आहेस गं." याच्या पुढे एक अक्षर नाही. शेवटच्या दिवशीही तिनं तेवढंच म्हटलं. थोरली तिच्या ओठांशी कान नेऊन बसली होती. तिला वाटलं, आता तरी... आता तरी म्हणेल! आई म्हणाली, "गुणाची," आणि गेली.

तिच्या थडग्यावर धाकट्यानं कोरून घेतलं, 'प्रार्थनाशील माता'.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यांची डावी बाजू गेली. भावजयीला दोन लहान पोरं. म्हणून बापाचं सगळं थोरलीकडे आलं. तिनं त्यांना भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. फक्त त्यांच्या समोर स्वतः घास घेतला नाही. त्यांनी तसा आग्रहही कधी केला नाही.

त्या रविवारनंतरच्या बुधवारची दुपार होती. ती बाबांच्या गळ्याशी रुमाल बांधत होती. ते छताकडे बघत जड जिभेनं म्हणाले, "तू गाठ उजवीकडून मारतेस."

"सगळेच मारतात, बाबा."

"तुझी आई डावखुरी होती."

थोरलीचे हात थांबले.

"तो दोरा..." बाबा म्हणाले. "गाठ उलटी होती. कापताना बघितली मी. माझ्या बंडीचे बंद ती तीस वर्षं तशीच बांधायची."

थोरलीनं रुमालाची गाठ अर्धीच सोडली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझं नाव वाचलंत तेव्हा?"

"हो."

"मग मला का, बाबा?"

"कुणीतरी हवं होतं," ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी प्रार्थनेला आलेल्या एक-दोघांनीही तो दोरा पाहिला होता. तिचं नाव घेतलं असतं तर ती मेली असती. मी पाळक राहिलो नसतो. तू... तू धडधाकट होतीस. वाटलं, तू निभावून नेशील."

किती सहज बोलले ते! लंगडी गाय ठेवून तरणी विकावी तसा हिशोब. एकानं दुसऱ्याचा अपराध आपल्या खांद्यावर घेतला, आणि त्यानं जग तारलं, हे ज्यांनी जन्मभर व्यासपीठावरून डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या घरात ते घडलं तेव्हा त्यांनी कात्री मागितली होती.

ती ओरडली नाही. तिनं वाटी उचलली, त्यांचा चालता हात पुरणार नाही इतक्या अंतरावर स्टुलावर ठेवली आणि समोर बसून राहिली.

"आज एकट्यानं जेवा, बाबा," ती म्हणाली. "बघा कसं लागतं."

त्यांनी हात लांब केला. बोटं वाटीपासून वीतभर अलीकडेच थांबली. पुन्हा केला. तिनं बघितलं, आणि ती हलली नाही. दुधावर साय धरली, ती सुरकुतली, आणि बाबांच्या सुन्न गालावरून पाणी ओघळून कानात जायला लागलं... तेव्हा कुठं ती उठली. दूध पुन्हा गरम करून आणलं आणि त्यांना भरवलं. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली.

शनिवारी भावजय नेहमीप्रमाणे पाव न्यायला आली. "वन्सं, कड जरा जास्त लाल झालीय का हो?"

"झाली असेल. हात भाजला होता."

"बाई गं! तसं चालेल म्हणा. कड आम्ही खातच नाही, मधला मऊ भाग तेवढा मोडतो," भावजय म्हणाली आणि पांढऱ्या फडक्यात पाव गुंडाळून घेऊन गेली.

रविवारी फाटकाची कडी वाजली, थोरली उठली, आणि बाबांनी चालत्या हातानं तिचं मनगट धरलं.

"जाऊ नकोस."

धाकटा उंबरठ्यावर थांबला. "बाबा, ताईला जाऊ द्या. डबी उघडायचीय."

"उघड. आधी तिला दे."

धाकट्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग त्याचा चेहरा कठीण झाला. "ताई, काय शिकवलंस तू यांना? त्यांचं डोकं ठिकाणावर नाही आणि तू..."

"डोकं ठिकाणावर होतं तेव्हाच चूक केली," बाबा म्हणाले. शब्द लाळेत अडखळत होते, पण एकेक उमगत होता. "दोरा तिनं बांधला नव्हता."

"मग कुणी?"

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आयुष्यात प्रथमच भीती होती, आणि ओठांवर ते नाव येऊन थांबलं होतं. आता थोरलीनं फक्त गप्प राहायचं होतं. इतकी वर्षं जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता ते आता दुसऱ्याच्या तोंडून, काही न मागता, बाहेर पडणार होतं!

तिनं भावाकडे पाहिलं. त्याचा हात नकळत सदऱ्याच्या बाहीवर, दंडाशी गेला होता. गरम अंगाचं, सुकलेल्या ओठांचं ते सात वर्षांचं पोर तिला पुन्हा दिसलं. याचा सारा विश्वास दोन गुडघ्यांवर उभा होता. ते गुडघे काढून घेतले तर हा कशावर उभा राहील?

"मीच बांधला होता," थोरली म्हणाली. "बाबांना आठवत नाही."

बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. जनावराचा असावा तसा. मग त्यांनी धाकट्याच्या हातातली डबी बाजूला सारली.

"मग मलाही नको."

"बाबा!"

"जो तिच्याबरोबर जेवतो, तोही बाहेरचा. नियम मीच केलाय." त्यांचं बोट थोरलीकडे वळलं. "पोरी, मला स्वयंपाकघरात ने. तू जेवतेस तिथं."

"बाबा, असं करू नका," धाकटा कळवळून म्हणाला. "मला तुमचं नाव वाचावं लागेल. वडीलजन मला सोडणार नाहीत. मला वाचावं लागेल, बाबा!"

"वाच. माझ्याच आवाजात वाचतोस तू."

थोरलीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची फरशीवरून ओढत नेली. धाकट्यानं हात लावला नाही. स्वयंपाकघरात तिनं ती आपल्या खुर्चीशेजारी, भिंतीसमोर लावली. आदल्या दिवशी घरासाठी भाजलेला पाव फडताळात होता. तिनं त्याची कड मोडली, दुधात बुडवली, बाबांना दिली. दुसरी स्वतः घेतली. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बापलेक एकमेकांच्या देखत घास चावू लागले. तिनं क्षमा केली होती की नाही हे तिला त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण घास तिनं थुंकला नाही.

"कड चांगली लागते," बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. बुधवारनंतर बाबांशी बोललेला हा तिचा पहिला शब्द.

धाकट्यानं नाव वाचलं. ज्या व्यासपीठावर बाबांनी हयात घालवली तिथूनच वाचलं, आणि लोक सांगतात, आवाज जराही कापला नाही. पंधरवड्यानं बाबा गेले. मंडळीचे पुरुष खांदा द्यायला आले नाहीत. आईशेजारची जागा मिळाली नाही. कुंपणालगत, जिथं माती खडकाळ होती, तिथं खड्डा खणला गेला. थोरलीखेरीज बेकरीवाले काका, काकू आणि भट्टीवरचे दोन गडी, एवढीच माणसं थडग्याशी उभी होती. ज्यांच्या घरचं पाणी बाबांनी कधी घेतलं नाही, त्यांनीच त्यांना मातीत उतरवलं. काकांना प्रार्थना येत नव्हती. ते हात बांधून म्हणाले, "पाळकसाहेब, उशीर केलात," आणि खाली वाकून मूठभर माती टाकली.

धाकटा कुंपणापलीकडे, रस्त्यावर उभा होता. आत आला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी थोरलीनं मंडळीचा पाव भाजला. का भाजला, असं काकूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरं खातात हो त्यांची, आवडीनं." पाव ओट्यावर निवत ठेवला. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली, पण भावजय नव्हती.

धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. भिंतीसमोरच्या दोन खुर्च्यांकडे बघत म्हणाला, "त्यांनी शेवटचं काय खाल्लं?"

"कड. दुधात बुडवून."

"तुझ्याबरोबर?"

"माझ्याबरोबर."

तिनं पाव फडक्यात बांधून त्याच्यापुढे धरला. घेताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. भट्टीपाशी आयुष्य काढलेला तिचा रुंद, ऊनऊन तळवा... आणि धाकटा जागच्या जागी थिजला. त्यानं तिचा हात सोडला नाही. उलट धरून ठेवला, जणू अंधारात काहीतरी चाचपत होता.

"ताई, त्या तापात मला शुद्ध नव्हती," तो अगदी हळू म्हणाला. "पण दंडाला कुणाचा तरी हात लागला होता तेवढं आठवतं. अंगाची आग होत होती, म्हणून बरं वाटलं होतं. तो हात गार होता... बर्फासारखा गार."

थोरलीची नजर भिंतीसमोरच्या खुर्च्यांकडे गेली.

"तुझे हात कधी गार असतात का गं, ताई?"

तिनं हात सोडवून घेतला आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. पाठीमागे पावलं वाजली, फाटकापर्यंत गेली. कडी वाजण्याची वाट बघत ती उभी राहिली. कडी वाजली नाही. पावलं परत आली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, फडक्याची गाठ सुटली. तिनं वळून पाहिलं नाही; वळून पाहिलं असतं तर त्याला रडताना पाहावं लागलं असतं, आणि त्याचे डोळे पुसायला ती लहानपणासारखी धावली असती. तिला आज धावायचं नव्हतं. मोडलेल्या पावाचा एक तुकडा ओट्यावर, तिच्या हाताशी, आला. तो तिनं उचलला आणि पाठमोरीच, भावाबरोबर, खाऊन संपवला.

त्या रविवारी प्रभूच्या मेजावर जो पाव गेला, त्याची एक कड मोडलेली होती.